सुकडीबाईची बतावणी

माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, जन्मात कधी तमाशा पाहिला नाही. आमच्याकडं बायांनी तमाशाकडं फिरकायचं नाही अशी रीतच होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं हजेरीचा तमाशा व्हायचा, तेव्हा फार तर चार म्हाताऱ्या कुणाच्या तरी धाब्यावर चढून, पदर दातात धरून बघायच्या. बाकीच्या बाया चुलीपुढं. अक्का तर त्या दिवशी घराचं दारही पुढं लोटून घ्यायची.

तिचं सोंग मात्र एका उन्हाळ्यात सातारा-सांगलीकडच्या गावोगाव लोकांनी पाहिलं आणि पोट धरधरून हसले. त्या हसण्यावर एका फडानं आपला अख्खा हंगाम मारला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लोक मला म्हणतात, सोडून दे. मी सोडत नाही. मी ताडकन तापणारा माणूस आहे, हे पेठेत कुणीही सांगेल. पण तापलेलं निवतं. हे निवलं नाही.

आमचं गाव रहिमतपूरच्या पलीकडं, माळावर. वडील लवकर गेले. जमीन होती, पण तिच्यात पिकापेक्षा कुसळंच जास्त. मिसरूड फुटायच्या आत मी सांगली गाठली आणि हळदीच्या पेठेत पाठीवर पोती वाहिली. मग तोलाईला उभा राहिलो, मग दलाली करायला लागलो. कुणी बोट धरून वर नेलं नाही. उलट जो तो खाली ओढायचा.

हळदीच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. तोंडावर तर काहीच दाखवायचं नसतं. मला ही बोटांची भाषा लवकर आली, पण माझं खरं कसब दुसरंच होतं. सौदा अडला की रुमाल झटकायचा, खांद्यावर टाकायचा आणि उठून चालायला लागायचं. मागं बघायचं नाही. दोन पावलं गेलं की मागनं हाक येते. येतेच. त्या हाकेवर मी गावाकडच्या घरावर पत्रा घातला आणि आईला मिरजेच्या दवाखान्यातून चालती करून घरी आणली.

अक्का आईजवळ राहायची. लग्न करून गेली होती, पण नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि ही परत आली. परत आलेल्या बाईनं खालच्या मानेनं वागावं अशी गावाची अपेक्षा असते. अक्काची मान खाली जात नसे. उद्धट नव्हती, पण समोर आलेल्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडं बघून बोलायची. एवढ्यावरूनही लोक बोलत.

बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं. सगळं गाव त्या बांधावर माती टाकायला. मुकादम गावातलाच, मोठ्या भावकीचा, पोट सुटलेला माणूस. कामावरच्या माणसांना सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ, शेंगदाणे, गूळ आणि तेल एकत्र मळून केलेली. दुपारच्याला ती मूठमूठ पोटात गेली तर संध्याकाळपर्यंत पाटी उचलवायची. वाटपाला अक्काला बसवलं होतं. नवरा-पोरं नसलेली बाई, ही काय चोरून नेणार, असा हिशेब. म्हणून तर तिलाच पहिल्यांदा दिसलं, की गाडीतून पोती उतरतात तेवढी वाटपाला येत नाहीत.

ती मुकादमाला एकदा बोलली, दोनदा बोलली. मग एका दुपारी आमच्या शेजारची म्हातारी बांधावर पाटीसकट खाली बसली ती उठेना. तिच्या वाटणीची सुकडी आदल्या दिवशीही पुरली नव्हती. पुढं चार दिवसांत साताऱ्याहून साहेब पाहणीला आला. सगळ्यांनी सांगितलं, सगळं झाक हाय. अक्का माणसांतून पुढं झाली आणि म्हणाली, पोती उतरतात तेव्हा मोजा आणि मग मुकादमाच्या परड्यातबी जाऊन बघा.

मी तेव्हा सांगलीत. मला हे आठवड्यानं कळलं. मिळेल त्या गाडीनं गावी आलो आणि दारातच तिच्यावर ओरडलो. आधी चार माणसं बांधायची असतात, मग तोंड उघडायचं असतं, मला विचारायचं होतं.

"म्हातारी मरत व्हती रं," अक्का म्हणाली. "तुला इचारायला सांगलीला येऊ व्हय?"

साताऱ्याच्या एका साप्ताहिकात बातमी आली. गावाचे दोन तट पडले. बघता बघता आजूबाजूच्या गावांतही जिथं चार माणसं बसतील तिथं हाच विषय. मुकादमाच्या माणसांनी उठवलं, की बाईचं दुखणं वेगळंच आहे, परत आलेली बाई, मुकादमानं दाद दिली नाही म्हणून उठली. साहेबानं चौकशी लावली खरी, पण सरकारी चौकशी म्हणजे नुसती तारखांची वाट. पाऊस आला, तलावात पाणी साठलं, माणसं आपापल्या रानात गेली. चौकशी येईना. जी दहा-बारा माणसं आम्हीबी सांगू म्हणाली होती ती एकेक करून मागं सरली. कुणाची वाटणी मुकादमाच्या भावकीत अडकलेली, कुणाची सोयरीक. उरली एकटी अक्का.

तिचं मागणं फार नव्हतं. मुकादमाला तुरुंगात घाला असंही ती कधी म्हणाली नाही. सरकारी माणसानं समोर बसावं आणि तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढंच. ते झालं असतं तर ती त्या गावात मान वर ठेवून राहिली असती. नाही झालं तर आधीच परत आलेली बाई, त्यात खोटी. शेवटी निरोप आला, की चैत्रातली गावची जत्रा झाली की लगेच साहेब येणार.

दुष्काळात जत्रा उरकल्यासारख्या झाल्या होत्या. त्या साली सगळ्या गावांनी कसर भरून काढायची ठरवलं. विट्याला तमाशाचे फड ठरवून सुपाऱ्या द्यायला जत्रा कमिट्यांची झुंबड. एक दिवस पेठेत पोतं उतरवता उतरवता एक हमाल मला म्हणाला, "मालक, तुमच्या गावचा मुकादम तमाशात आलाय की." आणि हसला. मला वाटलं, बरं झालं, देव आहे. तो फड जवळच्याच एका जत्रेत होता, तिथं गेलो.

हजेरीची वेळ. ऊन चढलेलं. गण-गवळण झाली आणि बतावणी सुरू झाली. सोंगाड्या बारीक अंगाचा, लांब मानेचा माणूस. त्याचा जोडीदार पोटावर ही मोठी गादी बांधून मुकादम होऊन आला. त्याच्या पोटात सोंगाड्यानं बोट खुपसलं की आतून भुसा सांडायचा आणि तो दोन्ही हातांनी गोळा करून परत आत कोंबायचा. लोक उड्या मारत होते. मीही हसलो. त्याची मला लाज नाही. मुकादमाचं पोट होतंच तसं.

मग सोंगाड्या आत गेला आणि डोक्यावर पाटी, पदर कमरेला खोचलेला असा बाई होऊन आला. मान ताठ. नको तितकी ताठ, कोंबडीसारखी. पावलागणिक पुढं-मागं होणारी. साहेब झालेल्या तिसऱ्या गड्यापुढं उभी राहून ती म्हणाली, मुकादमानं सुकडी खाल्ली. साहेबानं विचारलं, कुणाची? समद्या गावाची. मग तुझी गं? तेव्हा बाईनं पाटी खाली ठेवली, पदर डोळ्याला लावला आणि गळा काढला:

"सायेब, समद्यांची खाल्ली, आन् माझ्याकडं बगितलंबी न्हाई! म्हणून तर तक्रार हाय!"

असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. माझ्या शेजारचा म्हातारा अनोळखी माणूस, हसून हसून त्यानं माझ्याच खांद्यावर डोकं टेकलं.

फडाचा ढोलकीवाला मला पुढं एकदा म्हणाला, की हा सोंगाड्या कुठल्याही गावात उतरला की आधी न्हाव्याकडं जाऊन बसायचा. दाढी होईस्तवर त्याला त्या पंचक्रोशीतली सगळी भांडणं कळलेली असायची. आमच्या गावची भानगड त्याला अशीच एका न्हाव्याकडं मिळाली. न्हावी जे बोलला ते त्यानं उचललं. न्हावी ज्या तटाचा, त्या तटाचं.

त्यानंतर मी पेठेत बसलो तरी माझं लक्ष मालावर नसायचं. कोण कुठल्या गावाहून आलाय ते विचारायचो आणि मग तमाशा बघितला का म्हणून. ज्याला त्याला ती बतावणी ठाऊक. गावं फडाला सुपारी देताना सांगायची, की वग कुठलाही लावा पण सुकडीबाई पाहिजे. फडाचा भाव वधारला. मला भाव कळतो. कशामुळं वधारला तेही कळत होतं. आणि आमच्या जत्रा कमिटीनं त्याच फडाला सुपारी दिली. मी गावी जाऊन भांडलो. कमिटीतला एक जण, लांबून माझा चुलताच, शांतपणे म्हणाला, "लेका, आपल्याच गावाचं नाव हुतंय की. आपल्याला सोडून बाकी समद्यांनी बगावं व्हय?"

तेव्हा मी ठरवलं, की सोंगाड्यालाच गाठायचं. जगात विकलं जात नाही असं काही मी पाहिलं नव्हतं. त्याची बतावणी मी विकत घेणार होतो आणि पुरून टाकणार होतो.

फड एका गावच्या शाळेपुढं चिंचेखाली उतरला होता. सकाळची वेळ. माणसं आडवीतिडवी झोपलेली. सोंगाड्या एकटाच जागा, पोटाशी गुडघे घेऊन बसलेला, आणि बाईचं ते लुगडं मांडीवर घेऊन फाटलेलं शिवत होता. रंग उतरलेला त्याचा चेहरा आजारी माणसासारखा. पोटाचं काही दुखणं असावं. दुधात कुस्करलेली भाकरी शेजारी तशीच होती. मी कोण ते सांगितलं. त्यानं लगेच हात जोडले आणि मला घोंगडीवर बसवलं.

मी बोललो. बरंच बोललो. चौकशी येणार आहे, बाई एकटी आहे, खरं बोलली आहे, हे सगळं सांगितलं. तो टाके घालत ऐकत होता. मग म्हणाला, "मालक, त्यो मुकादमबी येऊन गेला. तुमच्या आधी."

मी विचारलं, त्याला काय पाहिजे होतं?

"पोट काढा म्हणाला. पुढच्या गावापासनं पोट काढलंय."

"आणि बाई?"

"बाईचं त्यो कायी बोलला न्हाई."

मी म्हणालो, लोक तर पोटालाच जास्त हसत होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर त्यानं जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. बोलताना त्याच्या आवाजात ना माज होता ना लबाडी. मालाचा भाव सांगावा तसं तो मला सांगत होता.

"हसत्यात की. पर त्या पोटाची माणसं जत्रा कमिट्यांत बसत्यात, मालक. सुपारी त्येच देत्यात. बाईची माणसं कुठल्या कमिटीत बसल्याली मला तर दिसली न्हाईत. फडात चाळीस तोंडं हायती. आता पोट गेलं, बाईबी काढली, तर मी दावू काय?"

मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आमच्या हातांवर टाकला. त्याला ती रीत ठाऊक होती. त्यानं सुई बाजूला ठेवली आणि हात पुढं केला. त्याचा हात हलका होता, बाईसारखा. मी बोटं दाबली. त्यानं मान हलवली आणि स्वतःचा भाव दाबला. मी थोडं चढलो. तो थोडा उतरला. आमच्यातलं अंतर फारसं उरलं नव्हतं. पेठेत अशा वेळी काय करायचं ते मला झोपेतही येतं. शिवाय डोकं तापलेलंच होतं, की माझ्याच बहिणीची अब्रू आणि हा तिचा भाव पाडून देईना. रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि उठलो. दोन पावलं टाकली.

हाक आली नाही.

जन्मात पहिल्यांदा मी वळून पाहिलं. तो सुईत दोरा ओवत होता. मी तसाच चालत सडकेवर आलो. लोक म्हणतील, परत जायचं होतं. जो उठून परत बसतो त्याला त्या बाजारात पुन्हा कुणी भाव देत नाही. मी आजही म्हणतो, त्यानं हाक मारायला हवी होती. दुनियेत सगळे मारतात.

आमच्या गावची हजेरी आली. मी अक्काला आणि आईला दोन दिवस पाहुण्यांकडं जा म्हणून सांगून पाहिलं. अक्का म्हणाली, जत्रेला घर बंद ठेवून कुठं जायचं, आणि चौकशीला साहेब कधी येईल त्याचा नेम नाही. तिनं दार पुढं लोटलं आणि भाकरी थापायला बसली. मी चावडीकडं गेलो.

पोट खरंच नव्हतं. मुकादम पुढच्या रांगेत, फेटा बांधून, पाय पसरून बसला होता. बाई आली तशी माणसं आधीच हसायला लागली. गावाला तिचं मूळ माहीत होतं ना. मान, पाटी, पदर, सगळं झालं. आणि मग एक नवं पात्र आलं. सोंगाड्याचा जोडीदार, दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे केलेले, खांद्यावर रुमाल. तो म्हणाला, मी हिचा भाऊ, हिची तक्रार इकत घ्यायला आलोय. सोंगाड्याच्या हातावर रुमाल टाकला. बोटं दाबली. मग रुमाल झटकून ऐटीत उठला. एक पाऊल. दुसरं पाऊल. आणि हळूच, मान वाकडी करून, मागं बघितलं.

चिंचेखाली झोपलेली सगळी माणसं सोडली तर मी वळलेलं पाहणारं कुणी नव्हतं. आणि तो तर सुईत दोरा ओवत होता.

मी माणसं तुडवत पुढं गेलो. कुणाची तरी काठी माझ्या हातात आली. चार-सहा जणांनी मला पाठीमागून धरलं. लोकांना आधी वाटलं, हाही तमाशातलाच. मग ओळखलं, आणि हसणं दुप्पट झालं. सोंगाड्या हसत नव्हता. बाईच्या वेषात, कमरेवर हात ठेवून, तो माझ्याकडं बघत होता. मला कसं धरलंय, मी कसा झटके देतोय, ते नीट बघत होता.

घरी आलो तर अक्का तव्यापुढंच होती. चावडी आमच्या घरापासून लांब नाही. छपरांवरून सगळं ऐकू येतं. तिनं विचारलं, "मगाशी एवढं कशाला हसत व्हते रं?" मी म्हणालो, माकडचाळे, दुसरं काय. तिनं माझ्या फाटलेल्या सदऱ्याकडं पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

जत्रेचे मांडव उतरले आणि साहेब आला. हा नवा होता, पाहणीला आलेला नव्हे. भला माणूस असावा. चावडीत टेबल मांडलं, सगळ्यांना आत घेतलं आणि शांतता राखायला सांगितलं. अक्का नवं लुगडं नेसली होती. सकाळपासून ती मनाशी काय बोलायचं ते घोकत होती; चूल फुंकताना तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. मी भिंतीशी उभा होतो. साहेबानं तिला समोर बोलावलं. ती पुढं गेली, आपल्या सवयीप्रमाणं मान वर करून, साहेबाच्या तोंडाकडं बघत.

आणि तिच्या त्या मानेकडं बघूनच मागं कुणीतरी फिसकन हसलं.

साहेबानं हातानं गप्प केलं. बोला बाई, म्हणाला. अक्का बोलायला लागली. पोती कुठून यायची, गाडी कुठं थांबायची. आवाज चांगला होता, कापत नव्हता. साहेब मध्येच म्हणाला, मुकादमानं सुकडी नेली असं तुमचं म्हणणं आहे ना? ती म्हणाली, व्हय सायेब. तेवढ्यात मागून एक आवाज आला, अगदी गोड, समजावल्यासारखा:

"म्होरलं सांग की अक्का. बगितलं का न्हाई त्येनं?"

चावडी फुटली. साहेबाच्या शिपायानं तोंडावर हात धरला. तोही पाहून आला असणार. साहेब ओरडला, टेबलावर हात आपटला, पण त्याच्याही ओठाचा कोपरा मी हलताना पाहिला. ती बतावणी साताऱ्यालाही पोचली होती.

अक्काला काय झालंय ते कळलंच नाही. हीच गोष्ट मला अजून झोपू देत नाही. तिनं तमाशा पाहिलेला नव्हता. सगळी चावडी कशाला हसतेय हे ठाऊक नसलेलं त्या खोलीत एकच माणूस होतं. तिनं आधी साहेबाकडं पाहिलं, मग स्वतःच्या लुगड्याकडं. काही सुटलंय का, काही लागलंय का म्हणून. मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. हसणं थांबल्यावर साहेब म्हणाला, पुढं बोला बाई. तिनं पदर ओढून घेतला. मान खाली गेली. मी ती खाली गेलेली पहिल्यांदा पाहिली.

"माझं कायी म्हणणं न्हाई," ती म्हणाली.

साहेबानं परत विचारलं, परत परत विचारलं. ती तेवढंच बोलली. चौकशी तिथंच मिटली. मुकादम पुढं सोसायटीत निवडून आला.

त्याच साली मी आईला आणि तिला सांगलीला आणलं. माझ्या बायकोचं आणि तिचं बरं जमलं. घरात बोलायची, पोरांना गोष्टी सांगायची. पण बाजाराला जाताना वाटेत कुठं चार माणसं हसली तरी तिचा हात आपोआप पदराकडं जायचा. गावाकडं ती परत गेली नाही. आईचे दिवस गावी घातले तेव्हाही नाही. चावडी कशाला हसली ते गावाहून येणाऱ्या बायांकडून तिला पुढं कळलं होतं.

त्या दशकाच्या अखेरीला असेल, एका संध्याकाळी मिरजेच्या स्टेशनावर तो मला दिसला. बाकावर बसून ब्रेडचा तुकडा दुधात बुडवून खात होता. केस पांढरे झालेले. मी समोर जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं मनात शिव्या घोकल्या होत्या. त्यानं वर पाहिलं आणि हात जोडले, कुणाही जत्रा कमिटीवाल्याला जोडावेत तसे. म्हणाला, "कुठलं गाव, पाव्हणं?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्याला आठवेना. सुकडीबाई म्हणालो, तेव्हा थोडा विचार करून म्हणाला, "व्हय व्हय. व्हती खरी तसली एक. एकच हंगाम चालली ती. म्होरल्या साली कुणी मागितली न्हाई, मग सोडून दिली. आता दुसरं लावतोय." आणि मला एका कारखान्याच्या निवडणुकीतल्या भांडणाचं सांगायला लागला. ते त्याला कालच एका न्हाव्याकडं मिळालं होतं. मी ते न ऐकता गाडीत जाऊन बसलो.

घरी अक्का जोंधळे निवडत बसली होती. मी तिला सांगितलं, तो भेटला होता. कोण, हे तिनं विचारलं नाही. तिचे हात तसेच चालू राहिले. मग म्हणाली,

"तू बगितलं व्हतंस न्हवं? मला कशी दावली त्येनं?"

मी म्हणालो, कशाला आता ते.

"समद्यांनी बगितलं," ती म्हणाली. "मीच बगितलं न्हाई. दाव की."

मी उठलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. कोपऱ्यातली रिकामी पाटी घेतली, डोक्यावर ठेवली, आणि मान ताठ करून चाललो. पावलागणिक पुढं-मागं, कोंबडीसारखी. मला प्रत्येक शब्द पाठ होता. साहेबाचा प्रश्न मीच विचारला, बाईचं उत्तर मीच दिलं. पाटी खाली ठेवली, डोळ्याला खांद्यावरचा रुमाल लावला आणि ते शेवटचं वाक्य त्याच्यासारखाच गळा काढून म्हणालो.

कुणी हसलं नाही. अक्का माझ्याकडं बघत होती, पूर्वीसारखी, सरळ तोंडाकडं.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली.

आणि सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.